हिवाळ्यात दोघांनी कोकणात कुठे जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर गुहागरचं आणि सासर मालवणचं, त्यामुळे दिवाळीचा फराळ संपला की पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी, त्यांचे नवरे, ऑफिसातले लोक आणि ज्यांचं तोंडही मी पाहिलेलं नाही असे त्यांचे चुलतभाऊ, सगळ्यांचे मेसेज सुरू होतात. प्रश्न तेच, उत्तरं तीच. म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून काढलंय. गुहागर आणि मालवणच्या बाबतीत मी थोडा पक्षपात करणार, तेवढं गृहीत धरा.

१. कोकणात खरंच थंडी पडते का? स्वेटर घ्यायचा का?

समुद्राकाठी गुलाबी थंडी म्हणतात तेवढीच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे १८-२० डिग्री आणि दुपारी ३०-३२, म्हणजे सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावासा वाटतो आणि दुपारी पंखा लावावा लागतो. याचं कारण वारा. रात्री जमीन लवकर गार होते म्हणून सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो कोरडा असतो, आणि दुपारनंतर खारा वारा समुद्राकडून आला की मग बरं वाटायला लागतं. ज्या दिवशी खारा वारा उशिरा सुटतो त्या दिवशी जानेवारीतसुद्धा बारा-एकला घाम निघतो, तेव्हा "हिवाळा आहे ना" म्हणून भर दुपारी किल्ले चढायला जाऊ नका.

दापोली शहर थोडं उंचावर आहे, तिथे थंडी चांगली बोचते, पण तिथून खाली कर्दे-मुरुडच्या किनाऱ्यावर आलात की परत ऊब. एक स्वेटर दोघांत पुरतो असं माझा नवरा म्हणतो, तो नेहमी माझाच असतो. पहाटे बोटीत किंवा स्कूटरवर बसणार असाल तर दोन घ्या.

२. कोणता महिना घ्यावा?

डिसेंबरचे पहिले तीन आठवडे. पावसाची हिरवळ पूर्ण गेलेली नसते, हवा स्वच्छ, समुद्र शांत, खोल्या मिळतात. २४ डिसेंबर ते १ जानेवारी सोडून द्या (तरी यायचंच असेल तर प्रश्न १६). जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा पण छान, २६ जानेवारी शनिवार-रविवारला चिकटून आली तर मात्र हायवेवरच सुट्टी जाते. फेब्रुवारीत दुपारी तापतं पण संध्याकाळी अख्खी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, तुमच्या दोघांची असते, आणि आंब्याला मोहोर आलेला असतो त्याचा वास, तो वेगळाच.

३. एकच जागा सांगा ना, कुठे जाऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं एकच उत्तर देता येत नाही, कारण मला आधी विचारायचं असतं की किती रात्री आणि निघणार कुठून.

एकच रात्र असेल तर अलिबागच्या पुढे जाऊ नका. नागाव, रेवदंडा, चौल, फार तर काशीद. दोन रात्री असतील तर दिवेआगर किंवा श्रीवर्धन, पुण्याहून ताम्हिणी घाटातून तर अगदी सोयीचं. दिवेआगरला किनाऱ्यालगत सुरूचं बन आहे, गावात सुपारीच्या वाड्या, आणि करण्यासारखं फार काही नाही, दोघांच्या ट्रिपला हेच लागतं असं माझं मत. तीन रात्री असतील तर दापोलीचा पट्टा, म्हणजे आंजर्ले, मुरुड, कर्दे, लाडघर, किंवा माझं गुहागर. गुहागरची पुळण पाच-सहा किलोमीटर लांब, सपाट, आणि गाव तिला समांतर वसलेलं, त्यामुळे मागच्या दारातून निघून माडांतून चालत पाण्यापर्यंत जाता येतं. पॉइंट बघण्याची हौस असेल तर हेदवी, वेळणेश्वर जवळच.

चार रात्री किंवा जास्त असतील तरच सिंधुदुर्गात या. मुंबईहून मालवण पाचशे किलोमीटरच्या आसपास, दोन दिवस येण्या-जाण्यात जातात आणि मग लोक म्हणतात फार दमलो. तारकर्ली सगळ्यांना माहीत आहे म्हणून तिथे गर्दी. देवबागला एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी जमीन. शांतता हवी असेल तर भोगवे, निवती, किंवा मालवणच्या वर तळाशील-तोंडवळी. भोगव्याला संध्याकाळी दोघंच बसलो होतो तेव्हा नवरा तासभर मोबाइल न काढता बसला, लग्नाला नऊ वर्षं झाली, असं पहिल्यांदाच.

एक विनंती. पाच दिवसांत अलिबाग ते वेंगुर्ला असले प्लॅन मला पाठवू नका. एक गाव घ्या, तिथेच राहा.

४. तू तारखेआधी तिथी का विचारतेस? आम्ही देवाला नाही, फिरायला चाललोय.

कारण किनारा रुंद मिळणार की अरुंद हे तिथीवर ठरतं. कोळी आणि किनाऱ्यावरचे म्हातारे भरतीची वेळ घड्याळ न बघता सांगतात, हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती आणि सहा-सव्वासहा तासांनी, साडेपाचला, ओहोटी. अमावास्येलाही तेच. हिवाळ्यात सूर्य सहा-सव्वासहाला बुडतो. म्हणजे पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी पाणी लांब गेलेलं, ओली चकचकीत वाळू आरशासारखी, आणि तुमच्या पाठीमागून माडांवरून चंद्र वर येतोय. याहून जास्त काय पाहिजे तुम्हाला.

उलट अष्टमीला बघा. आठाची पाऊणपट सहा, ऐन सूर्यास्ताला भरती. अरुंद किनारा असेल तर बसायला जागाच राहत नाही. कृष्ण पक्षात तिथी परत प्रतिपदेपासून मोजायची, आणि रोज भरती पाऊण-एक तास पुढे सरकते. हा ढोबळ हिशोब आहे, गावागणिक अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, म्हणून ओहोटीला समुद्रातल्या किल्ल्यात चालत जाणं वगैरे असेल तर भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक बघा किंवा सरळ कोळ्यांना विचारा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप आत जातं आणि खूप वर येतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. फिरायला त्रयोदशी ते द्वितीया चांगली. स्कूबासाठी मात्र उलटं आहे, ते ९ मध्ये.

५. गाडीने कुठल्या रस्त्याने यावं?

पुण्याहून रायगडच्या किनाऱ्याला ताम्हिणी, चिपळूण-गुहागरला कुंभार्ली घाट. कोल्हापूरवरून रत्नागिरीला आंबा घाट, मालवणला फोंडा किंवा गगनबावड्याकडून, सावंतवाडी-वेंगुर्ल्याला आंबोली. मुंबईहून हायवे ६६. त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही, गेली कित्येक वर्षं बोलून झालंय. पहाटे चारला निघा, आणि सकाळी नदीकाठच्या पट्ट्यात धुकं असतं तेव्हा घाई करू नका.

६. आमच्याकडे कार नाही. जमेल का?

जमेल, पण जागा त्या हिशोबाने घ्या. सगळ्यात सोपं अलिबाग: गेटवेवरून बोटीने तासाभरात मांडवा, बऱ्याच बोटींच्या तिकिटातच पुढची अलिबागची बस असते. दुसरं मालवण: कोकण कन्या रात्री मुंबईहून निघून सकाळी कुडाळला सोडते, तिथून तीस-एक किलोमीटर रिक्षा किंवा एसटी, आणि मालवणात भाड्याने स्कूटर मिळतात. वंदे भारतने येत असाल तर ती कुडाळला थांबत नाही, कणकवलीला उतरा. तिसरं गणपतीपुळे: रत्नागिरी स्टेशनवरून आरे-वारेच्या रस्त्याने, तो रस्ता म्हणजेच अर्धी ट्रिप.

दिवेआगर (माणगाव स्टेशन), दापोली (खेड), गुहागर (चिपळूण) इथे स्टेशन ते समुद्र अंतर तीस ते पन्नास किलोमीटर पडतं. एसटी आहे पण तिच्या वेळेने चालावं लागतं.

रेल्वेचं रिझर्वेशन १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. डिसेंबरच्या शुक्रवारी रात्रीच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात, तेव्हा गजर लावा. विमानाने यायचं तर चिपीचा विमानतळ २०२१ पासून आहे पण विमानं कमी-जास्त होत असतात, गोव्याचं मोपा जास्त भरवशाचं, तिथून शिरोडा-वेंगुर्ला जवळ.

७. गाडी बोटीत घालून खाडी ओलांडता येते म्हणे, ते काय आहे?

हो, आणि करावंच. इकडे तिला जंगलजेटी म्हणतात, गाडी, बाईक, माणसं, एखादी म्हैस सगळं एकत्र. वरून खाली: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. प्रत्येक ठिकाणी मोठा वळसा वाचतो, आणि दहा-पंधरा मिनिटं खाडीतला वारा खात उभं राहायला मिळतं. मांडव्याला तर २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मोठी बोट येते.

शेवटची फेरी किती वाजता आहे ते जाताना विचारून ठेवा. आम्ही एकदा सूर्यास्त बघत बसलो आणि बोट समोरच्या काठाला बांधलेली दिसत होती, दिवे लागलेले, पण ती काही आमच्यासाठी सुटणार नव्हती. मग अंधारात खाडीला वळसा, दोन तास, गाडीत अबोला. चूक त्याचीच होती.

८. समुद्रात उतरलं तर चालतं ना? पाणी गार असतं का?

पाणी गार नसतं, हिवाळ्यातही पंचविशीच्या पुढेच असतं. चालतं का हे किनाऱ्यावर अवलंबून आहे. गणपतीपुळे आणि काशीदला गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊच नका, शांत दिसतं पण उतार आहे आणि परतीचं पाणी ओढतं, दरवर्षी माणसं जातात. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग सुंदर आहे पण भरती लागली की लाट खडकावरून माणूस उचलून नेते, तिथे फक्त ओहोटीला जा. मालवणचा चिवला बीच त्या मानाने निवांत. देवबागला संगमापाशी नदीचं पाणी जोरात ओढतं, तिथे पोहणं नको.

ओहोटी चालू असताना पोहायला जाऊ नये, हे लहानपणी आजी काठी घेऊन शिकवायची. आणि दारू पिऊन तर नाहीच, याच्यावर चर्चा नको.

९. पोहता येत नाही, तरी स्कूबा जमेल का?

जमतं. मालवण-तारकर्लीला जे सर्वसाधारण स्कूबा करतात ते पोहता न येणाऱ्यांसाठीच असतं, ट्रेनर तुम्हाला धरून असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. आता गंमत अशी की ४ मध्ये मी पौर्णिमेला या म्हटलं, पण उधाणाला पाणी ढवळतं आणि गढूळ दिसतं. स्कूबाच मुख्य असेल तर भांगाचे दिवस धरा, म्हणजे सप्तमी-अष्टमी-नवमी. दोन्ही हवं असेल तर दशमीला येऊन पहिल्याच दिवशी स्कूबा उरकून घ्या आणि पौर्णिमेपर्यंत राहा.

सर्दी झाली असेल तर करू नका, कान दुखून जीव नकोसा होतो. दमा, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, फॉर्मवर खोटं लिहू नका. विमानाने परत जाणार असाल तर स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका, मध्ये किमान १८ तास जाऊ देत. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं.

१०. रिसॉर्ट घ्यावं की घरगुती?

"घरगुती जेवण व राहण्याची सोय" अशी पाटी दिसली की माझा कल तिकडेच, कारण जेवण. पण तुम्ही दोघंच येताय, तर प्रायव्हसीचा विचार करा: काही घरांत खोली म्हणजे त्यांच्याच ओटीच्या बाजूची, भिंत पातळ, आणि सकाळी सहाला काकू "चहा ठेवू का?" म्हणून दार वाजवणार. प्रेमानेच, पण वाजवणार. वाडीत वेगळी बांधलेली खोली आहे का, ते विचारा. गरम पाणी कसं मिळतं (चुलीवरचा बंब असेल तर वेळ ठरलेली असते), जनरेटर आहे का, समुद्र चालत किती मिनिटं. "सी टच" या शब्दावर विश्वास ठेवू नका, मॅपवर बघा. जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं. आणि थोडी रोकड ठेवा, रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

११. आमचं लग्न झालेलं नाही. खोली देतील का?

दोघंही सज्ञान असाल तर कायद्याने मनाई नाही. पण खोली द्यायची की नाही हे मालक ठरवतो, आणि घरगुती ठिकाणी बरेच जण स्पष्ट नाही म्हणतात, गाव लहान असतं आणि त्यांना उद्या शेजारी तोंड दाखवायचं असतं. वाद घालण्यात सुट्टी घालवू नका. बुक करतानाच फोनवर सरळ विचारा, दोघांची ओळखपत्रं मूळ ठेवा. अलिबाग आणि तारकर्लीच्या हॉटेलांत त्रास कमी, आतल्या गावांत जास्त. गळ्यात खोटं मंगळसूत्र घालून येणाऱ्या मुली मी पाहिल्यात, काकूंना ते पहिल्या मिनिटात कळतं.

१२. खायला काय मिळेल? आमच्यातला एक व्हेज आहे.

हिवाळा माशांसाठी चांगला. सुरमई, बांगडा, कुर्ल्या (खेकडे), तिसऱ्या (शिंपल्या), सोबत सोलकढी. आमच्याकडे म्हणतात कुर्ल्या अमावास्येच्या सुमाराला भरलेल्या असतात, पौर्णिमेला पोकळ, म्हणजे चंद्र आणि कुर्ल्या दोन्ही एका ट्रिपमध्ये मिळत नाहीत, निवडा. हर्णैला मासळीचा लिलाव बघायला जा, वास सहन होत असेल तर. सिंधुदुर्गात सकाळी किनाऱ्यावर रापण (मासेमारीचं लांबलचक जाळं) ओढताना दिसली तर जरूर थांबा, अख्खं गाव दोरीला लागलेलं असतं.

व्हेजवाल्यांनी घाबरू नये. गुहागर, आंजर्ले, केळशी, गणपतीपुळे इथे कितीतरी घरांत फक्त शाकाहारीच असतं: उकडीचे मोदक, वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, घावन. उलट मासेखाऊंनीच या गावांत आधी विचारून घ्यावं. रायगडात जानेवारी-फेब्रुवारीत आलात तर पोपटी, वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भाजलेल्या, व्हेज पण होते.

अपवाद: मार्गशीर्षातले गुरुवार. बहुतेक घरांत त्या दिवशी मासे-मटण शिजत नाही. डिसेंबरातला गुरुवार असेल तर मागच्यासारखं मला रात्री फोन करून "इथे फक्त वरण-भात देतायत" म्हणू नका.

१३. आंबे मिळतील का?

नाही. मोहोर मिळेल. आंबा एप्रिल-मे.

१४. कासवाची पिल्लं बघायची आहेत, डिसेंबरमध्ये दिसतील?

नाही दिसणार. ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात अंडी घालायला येतात, पण पिल्लं बाहेर पडायला पुढे पन्नास-एक दिवस लागतात, म्हणून वेळास, आंजर्ले वगैरेला लोक मार्चच्या आसपास जातात. हिवाळ्यात त्याऐवजी पक्षी बघा, सीगलचे थवे किनाऱ्यावर उतरलेले असतात. त्यांना फरसाण टाकू नका. डॉल्फिनसाठी सकाळी लवकर बोट घ्या, दिसतीलच असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याला जास्त पैसे देऊ नका.

१५. वर्किंग डेला आलो तरी गर्दी होती, असं कसं?

अंगारकी आणि माघी गणेश जयंतीला गणपतीपुळ्यात पाय ठेवायला जागा नसते, महाशिवरात्रीला कुणकेश्वर. पण खरा घोळ आंगणेवाडीच्या जत्रेचा. भराडीदेवीची ही जत्रा साधारण फेब्रुवारीच्या आसपास, पण तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि ठरली की अख्खी मुंबई मालवण तालुक्यात येते. गाड्या फुल्ल, खोल्या फुल्ल. सिंधुदुर्गात तेव्हा यायचं असेल तर तारीख जाहीर झालीय का ते आधी बघा.

याची चांगली बाजू पण आहे. त्रिपुरारी पौर्णिमेपासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री दशावतार (इकडचं पारंपरिक लोकनाट्य) लागतो, अशा जत्रेला इकडे दहिकालो म्हणतात. लाकडी बाकडं, खाजं, भजी, आणि पहाटेपर्यंत पेटी-मृदंग. राहत्या घरच्यांना "आज जवळपास दहिकालो कुठे आहे" एवढं विचारा, तेच घेऊन जातील. स्वेटर तेव्हा लागतो बरं का.

१६. ३१ डिसेंबरलाच सुट्टी आहे, काय करू?

किनाऱ्याचा हट्ट सोडा. समुद्रापासून थोडं आत राहा, दापोली शहर, कुडाळ, सावंतवाडी, आणि समुद्रावर सकाळी सातला जा, रात्रीचे सगळे झोपलेले असतात. सावंतवाडीला लाकडी खेळणी आणि गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) बघण्यात एक दुपार मस्त जाते.

१७. आम्ही दोघं साठीच्या पुढचे, गुडघे दुखतात. आमच्यासाठी आहे का काही?

तुमच्यासाठीच आहे, काका. गुहागर किंवा दिवेआगर घ्या, सपाट ओली वाळू चालायला बरी, कोरड्या वाळूत पाय रुततात म्हणून ओहोटीची वेळ धरा. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते. किल्ल्यांत जाताना होडीत चढ-उतार असतो, लाटेवर होडी हलते, ते जमत असेल तरच. रात्रीच्या गाडीने येणार असाल तर खालचा बर्थ.

१८. गाडी बीचवर नेता येते का? रील मध्ये सगळे नेतात.

नका नेऊ. किनाऱ्यावर गाडी घालण्यावर ठिकठिकाणी बंदी आहे आणि पोलीस दंड करतात, पण त्याहून वाईट म्हणजे वाळू. वरून कडक दिसते, चाक फिरलं की रुतते, आणि मग तुम्ही ट्रॅक्टर शोधत गावात फिरताय आणि इकडे भरती लागलीय. आमच्या गुहागरात हा प्रकार दर हिवाळ्यात होतो, पोरं बघायला जमतात. किती वाजता पाणी गाडीला लागेल हे ४ मधल्या हिशोबाने काढता येईल.